गुलाल लावलेला डबा

ज्या मशीनला सीडी घालायला जागा नाही, ते मशीन मी विकत घेत नाही. शहापूरच्या दुकानात हे मी काउंटरमागच्या फळ्यावर खडूने लिहिलं आहे. तेव्हा वाटलं होतं, कधीतरी पुसावं लागेल. मुरबाडच्या दुकानात तेच लिहायला मात्र रंगारी बोलावला.

लोक ते वाचतात आणि तरीही पिशवीतून तसलाच डबा काढून माझ्यापुढे ठेवतात. मग मी बोलते, त्यांना राग येतो, आणि बाहेर जाऊन ते सांगतात की ती बाई भांडखोर आहे. आहेच मी भांडखोर. भांडले नसते तर आज दोन दुकानं नसती.

माझा धंदा व्हिडिओ गेमचा. जुनी मशीन घ्यायची, दुरुस्त करून विकायची, सीडी भाड्याने द्यायच्या किंवा बदलून द्यायच्या आणि संध्याकाळी टीव्ही लावून तासावर खेळायला द्यायचं. याआधी मी आसनगाव स्टेशनबाहेर हातगाडीवर मोबाइलची कव्हरं विकायचे. एकदा नोकरीवरून परतणाऱ्या एका माणसाने गाडीवर एक काळं मशीन ठेवलं आणि विचारलं, "ताई, घ्याल का?" ते काय आहे हे मला नीट ठाऊक नव्हतं. पण माणसाला विकायची घाई आहे हे त्याच्या पायांकडे बघून कळलं. तो सारखा या पायावरून त्या पायावर होत होता. मी निम्म्याहून खाली भाव सांगितला आणि गप्प बसले. तिथून माझा धंदा सुरू झाला.

पाय बघायला बाबाने शिकवलं. आमचा बाबा बैलांचा दलाल. मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा भरते तेव्हा तिथे मोठा बैलबाजार असतो. लहानपणी तो मला बरोबर न्यायचा. जनावराचं तोंड उघडून दात बघायचे, त्याला चार पावलं चालवायचं आणि भावाच्या आधी विचारायचं की विकतोयस कशाला. सौदा झाला की बैलाच्या कपाळाला गुलाल लावायचा, म्हणजे सगळ्या बाजाराला कळतं की या जनावराचा मालक बदलला. एरवी मुरबाडच्या पेठेत बाबा कुणाच्या तरी दुकानाच्या पायरीशी उभा असायचा. दुकानदार म्हणायचे, "दलाल, जरा बाजूला व्हा, गिऱ्हाईक अडतंय." तो हसून बाजूला व्हायचा. मला तेव्हा हसू यायचं नाही आणि अजूनही येत नाही. त्या पेठेत माझा स्वतःचा गाळा असावा आणि त्याच्या पायरीवर मी कुणालाही उभं करावं, एवढंच मला आयुष्यात हवं होतं.

मशीनबद्दल माझी मतं सरळ आहेत. जुना जाडा काळा डबा भाताच्या गिरणीसारखा आवाज करतो, पण चार स्क्रू काढले की उघडतो. पंखा पुसा, चिपला नवी पेस्ट लावा, पुन्हा चालतो. नंतरचा पातळ डबा दिसायला देखणा, पण आत काय चिकटवून ठेवलंय ते कंपनीलाच माहीत. हातात धरून खेळायचं मशीन आलं, ते मला आवडलं होतं. वर्षभरात त्याची अंगठ्याने फिरवायची दांडी आपोआप डावीकडे जायला लागते. माझ्याकडे अशी मशीन इतकी येतात की मी दांड्यांचा डबाच भरून ठेवला आहे. कंपनीला विचारा, ती म्हणते नवा रिमोट घ्या. आणि नव्या सीडीतसुद्धा आता गेम पुरा नसतो. सीडी घाला, मग बाकीचा नेटवरून ओढा. आमच्याकडे पावसात नेट म्हणजे वाऱ्यावर गेलेलं असतं. किन्हवलीच्या एका गिऱ्हाइकाचा गेम श्रावणात ओढायला लागला, तो गणपती आले तरी उतरतच होता.

पण माझा खरा राग डब्यांवर नाही, दुकानांवर आहे. मशीनच्या आत जे दुकान असतं, त्यावर. तिथे भावावर रेघ मारलेली असते आणि बाजूला कमी भाव लिहिलेला असतो. आधी चढवायचा आणि मग रेघ मारायची, हे बाबालाही येत होतं. पण बाबाच्या बाजूला निदान बैल उभा असायचा. त्याहून वाईट म्हणजे त्या दुकानात घासाघीस होत नाही. घासाघिशीची सगळी ताकद उठून जाण्यात असते. "राहू द्या, चालले मी" म्हणायचं, पायरी उतरायची आणि मागून हाक येते का ते ऐकायचं. त्या दुकानातून तुम्ही उठून गेलात हे बघायला कुणी बसलेलंच नसतं. हाक कोण मारणार?

हे सगळं मला आधीपासून कळत होतं. तरी मी एक बिनसीडीचा डबा घेतला, कारण विकणारा माणूस मला पटला.

तो मुरबाडच्या एमआयडीसीत मशीन चालवायचा. तिशीचा, शेतकरी घरचा, हाताला ऑइलचा वास. चाकणला नोकरी लागली म्हणून सामान कमी करत होता. त्याने पांढरा नवाकोरा डबा माझ्या टीव्हीला जोडला. माझ्या दुकानासमोर एक चहावाले आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. माझ्या मोठ्या सौद्यांना साक्षीदार तेच. तेही किटली घेऊन येऊन बसले.

"ताई, ह्याच्यात चाळीस गेम हायत."

"सीडीची जागा कुठं हाय?"

"नाय. नवीन हाय ना."

"बिनतोंडाचं जनावर विकायला आणलंस व्हय रे?"

"तोंड नाय म्हणून खायला पण मागत नाय, ताई. आणि चाळीस गेम आधीच पोटात हायत."

मला हसू आलं. सौद्यात हसणं म्हणजे भाव वाढवून देणं. मी लगेच चेहरा आवळला, पण त्याने बघितलं होतं.

"विकतोस कशाला?"

"चाकणला खोलीत सहा जण राहतो. हा ठेवला तर उद्या दुसऱ्याच्या नावाने चालंल."

त्याचे पाय जागेवर होते. मी एकेक गेम उघडून बघितला. फुटबॉलचा होता, मारामारीचे होते, गाड्यांचे होते. माझ्या गिऱ्हाइकांना जे लागतं ते सगळं होतं. भावावर आम्ही इतके भांडलो की मामा म्हणाले, "द्या घ्या आणि सोडा, माझा चहा दुसऱ्यांदा गरम केला." शेवटी ठरला. चाळीस गेमांसकट डबा, असा भाव ठरला. नुसत्या डब्याला मी तेवढं कधीच दिलं नसतं.

मग तो म्हणाला, "ह्याचं खातं माझ्या मेलवर हाय. पण मेल मी देणार नाय, ताई. बँक, गॅस, सगळं त्याच्यावर हाय. डबा तुमचा, मेल माझा. आमच्यात बैल विकला तरी दावं घरी ठेवतात."

दावं म्हणजे जनावर बांधायचा दोर. आमच्या भागात बैल विकला की दावं देत नाहीत. दावं गेलं की घरची बरकत गेली असं मानतात. घेणारा आपला दोर घेऊन येतो. बाबाने मला हे इतक्यांदा सांगितलं होतं की मला त्यात वावगं काही वाटलंच नाही. उलट बरं वाटलं. दावं ठेवून घेणारा माणूस सौदा मानणारा असतो.

"ठेव," मी म्हणाले. "दावं विकणाऱ्याचंच."

गणपतीतला गुलाल दुकानात उरला होता. मी चिमूटभर घेऊन डब्याच्या पांढऱ्या कपाळावर लावला. तो पोट धरून हसला. मामांनी फोटो काढला. मी, तो, मध्ये डबा, आणि एका कोपऱ्यात मामांचा अंगठा.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्या डब्याने मला चांगला हात दिला. मग मुरबाडच्या पेठेत एक गाळा रिकामा झाल्याचं कळलं. ज्यांच्या पायरीशी बाबा उभा राहायचा, त्यांच्यापासून चार दुकानं सोडून. मालक म्हणाला, "दसऱ्याला उघडा. नाय उघडलं तर माझ्याकडे मोबाइलवाला तयार हाय." मी अनामत दिली. नवा मोठा टीव्ही घेतला आणि बोर्डावर त्या पांढऱ्या डब्याचं चित्र काढून घेतलं. शहापूरची मशीनं शहापूरलाच हवी होती. मुरबाडचं दुकान त्या एका डब्यावर उघडायचं होतं.

घटस्थापनेच्या आधी डबा मुरबाडला नेला आणि नव्या नेटला जोडला. त्याला जागा ओळखीची वाटली नाही. पडद्यावर आलं, हे तुम्हीच आहात याची खात्री करा, नोंदवलेल्या नंबरवर कोड पाठवला आहे. खाली चाळीस गेमांची चित्रं आणि प्रत्येकावर एक छोटं कुलूप.

मी चाकणला फोन लावला.

"ताई, तो नंबर बंद झाला. रिचार्ज नाय केला, कंपनीने सीम दिलं ना."

"मग मेल उघड तुझा."

"नवीन फोनवर उघडत नाय. तो पण त्याच जुन्या नंबरवर कोड पाठवतोय."

"म्हणजे दावं हरवलंस?"

मग त्याने चौकशी केली. तो जुना नंबर मोबाइल कंपनीने दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकला होता. त्याने त्या नंबरवर फोन केला तर कुणी बाई होती. "ती म्हणते, कोड मागणारे तुमच्यासारखे लय बघितले, परत फोन केला तर पोलिसात जाईन." बाई बरोबरच बोलली. मीही हेच बोलले असते.

राहिली ती डब्याची कंपनी. तिच्याशी बोलायला लिहून बोलावं लागतं. आधी एक यंत्र बोलतं, ते प्रत्येक वाक्याला तुमची अडचण समजते म्हणतं. बरंच भांडल्यावर माणूस आला. मराठी नाही म्हणाला, म्हणून मी हिंदीत लिहीत गेले. एका कानाला फोन होता, त्यावर चाकणवाला.

समोरच्याने विचारलं, खातं तुमचं आहे का?

"ताई, व्हय म्हणा," चाकणवाला कानात म्हणाला. "माझं नाव टाका. मीच बोलतोय म्हणा. माझी जन्मतारीख सांगतो."

"कशाला खोटं बोलू? चोरीचा माल हाय काय?"

"ताई, चोरीचा नाय, पण त्यांना काय करायचंय?"

"सौदा चोख हाय माझा. साक्षीदार हाय, फोटो हाय. गप बस तू."

आणि मी सगळं लिहिलं. डबा मी गेमांसकट विकत घेतला, पूर्ण पैसे दिले, विकणारा राजी आहे, आता माझ्या नावावर करून द्या. बैलबाजारात जनावर कुणाचं असा वाद आला, तर साक्षीदार पुढे करायचा असतो. मी फोटो पाठवला. गुलाल, डबा, आम्ही दोघं आणि मामांचा अंगठा.

थोड्या वेळाने उत्तर आलं. खातं दुसऱ्याला विकणं नियमात बसत नाही. तुम्ही पाठवलेल्या माहितीवरून तसं झाल्याचं दिसतं. म्हणून हे खातं कायमचं बंद करण्यात येत आहे. गेम कधी विकले गेलेच नव्हते, ते वापरण्याची परवानगी त्या व्यक्तीला दिली होती. आणखी काही मदत हवी आहे का?

मी काय लिहिलं ते इथे लिहीत नाही. ते त्यांना पोचलंही नसेल, खिडकी बंद झाली होती. मी शहापूरला आले तेव्हा मामांनी माझं तोंड बघून विचारलं, "काय झालं गो?"

"मी खरं बोलले."

"आरारा," मामा म्हणाले आणि चहा ओतायला लागले.

लोक मला सांगतात, वाचायला हवं होतं, सगळं लिहिलेलं असतं. कुठे लिहिलेलं असतं? त्या माणसाने चाळीस वेळा जे बटण दाबलं, त्यावर विकत घ्या असं लिहिलं होतं. मीही सीडी भाड्याने देते. मी त्याला भाडं म्हणते. भाडं घेऊन गिऱ्हाइकाला विकली म्हटलं असतं आणि मग त्याच्या घरात शिरून परत आणली असती, तर शहापुरात मला लोकांनी चपलेने मारलं असतं, आणि बरोबर केलं असतं. ही कंपनी तेच करते आणि वर विचारते, आणखी काही मदत हवी आहे का.

दसऱ्याआधीच्या रविवारी तो चाकणहून आला. मी त्याला बसायला सांगितलं नाही.

"डबा परत घे. पैसे दे."

"ताई, आठ महिने वापरलात. बैल आठ महिने नांगराला जुंपून परत करतात काय?"

"बैल मेला नाय रे. तुझ्या दाव्याने मारला."

"फोटो कुणी पाठवला?"

मी टेबलावर हात आपटला. मामा किटली घेऊन मधे आले. खूप वेळ आम्ही ओरडलो आणि खरं सांगायचं तर दोघांनाही कळत होतं की ज्याच्यावर ओरडायचं तो इथे नाही. शेवटी तोच म्हणाला, "घरी माळ्यावर माझं जुनं मशीन हाय. सीडीवालं. ते घेऊन जा. चालतं ते."

"आणि सीडी?"

तो डोकं खाजवायला लागला. "सीडी शेतात हायत."

मी त्याच्या गाडीवर मागे बसून त्याच्या गावी गेले. मुरबाडहून आत, डोंगराच्या पायथ्याशी. भात पिवळं पडायला लागलं होतं आणि शेतावर काठ्या रोवून, सुतळीने बांधून, त्याच्या आईने त्याच्या सगळ्या सीडी टांगल्या होत्या. ऊन पडलं की त्या चमकायच्या आणि पोपट दाण्यांवर बसत नसत. फुटबॉलचा गेम बांधाच्या कडेला वाऱ्यावर गरगर फिरत होता.

मी एक सोडायला हात घातला, तोच मागून आवाज आला.

"ए बाय, ते कुठं न्येतंस?"

"आये, त्या खेळायच्या हायत," तो म्हणाला.

"खेळायच्या व्हत्या तवा माळ्यावर फेकल्यास. आता माझ्या कामाला आल्या तर तुला लागतायत व्हय? पोपट आलं तर तू बसशील का हाकलाय?"

मी म्हणाले, "आजी, मी दुसऱ्या देते. पिक्चरच्या जुन्या सीडी हायत माझ्याकडे."

"किती?"

"एकाला एक."

"जा मग." म्हातारीने विळा उचलला आणि बांधावरचं गवत कापायला बसली. माझ्याकडे पाठ.

"एकाला दोन."

"तुझ्या जुन्या असतील. ह्या कशा चमकतात बघ. एकाला तीन, आणि बांधून तू द्यायच्या."

मी पायरी उतरायचा डाव टाकला. "राहू द्या, चालले मी," म्हणाले आणि बांधावरून चालायला लागले. मागून हाक आली नाही. मी वळून बघितलं तर ती गवतच कापत होती. एकाला तीन झालं. दुसऱ्या दिवशी मी पोतंभर पिक्चरच्या सीडी आणल्या आणि उन्हात उभी राहून सुतळीने बांधल्या. त्या वर्षात माझ्याकडून असा सौदा दुसऱ्या कुणी करून घेतला नाही. पण मी उतरवलेली सीडी म्हातारी पुन्हा आपली म्हणणार नव्हती, आणि मी ती उद्या कुणाला विकली तर ती विचारायला येणार नव्हती.

सगळ्या सीडी साबणाच्या पाण्यात धुतल्या, मऊ कपड्याने मधून बाहेर पुसल्या आणि एकेक घालून बघितल्या. पावसाने आणि उन्हाने बऱ्याच मारल्या होत्या. सात चालल्या. फुटबॉलची चालली. मधेच एका जागी खेळाडू थबकतात, बॉल हवेत राहतो, मग सगळे पुन्हा पळायला लागतात. गिऱ्हाइकांना मी सांगते, पंच विचार करतोय.

दसऱ्याला मुरबाडचा गाळा उघडला. बोर्डावर पांढऱ्या डब्याचं चित्र तसंच होतं, पुसायला वेळ नव्हता. चाकणवाल्याच्या माळ्यावरून आणलेल्या जाड्या काळ्या मशीनला झेंडूचा हार घातला. मेलेला पांढरा डबा दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराला लावला आहे. त्याच्या फटीतला गुलाल अजून गेलेला नाही. शहापूरहून मामा आले होते आणि चाकणवालाही, आईला घेऊन.

भवानीचं गिऱ्हाईक आलं. चांगल्या कपड्यातला माणूस, हातात पिशवी. बोर्ड बघून आला होता. पिशवीतून त्याने बिनतोंडाचा डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"ह्याच्यात साठ गेम आहेत. काय द्याल?"

भवानीचं गिऱ्हाईक परत पाठवू नये असं बाबा म्हणायचा. तो दिवसभर उपाशी राहिला असता, पण पहिल्या माणसाशी काहीतरी सौदा केल्याशिवाय त्याने त्याला सोडलं नसतं. मामांनी माझ्याकडे बघितलं. चाकणवाल्याने खाली बघितलं.

मी डबा हातात घेतला, उलटा केला आणि परत त्याच्यापुढे सरकवला.

"ह्याचं दावं कुणाकडं हाय?"

"कसलं दावं?"

"मग उचला," मी म्हणाले. "आणि जरा बाजूला व्हा, गिऱ्हाईक अडतंय."

तो पायरी उतरून गेला. मी हाक मारली नाही.